चाखणारी

बाजाराला जाताना टोप कशाला, असं सुदर्शन मुकादमाने विचारलं तेव्हा कोंडी म्हातारीने टोप उलटा करून बुडाला बोट लावून दाखवलं.

"भोक पडलाय. सांधून आणते."

भोक नव्हतं. पण बुडावर काजळीचा थर इतका जाड होता की असलं काय आणि नसलं काय, कळलं नसतं. सुदर्शनने टोपाकडे पाहिलं आणि मग म्हातारीच्या सुनेच्या, जानीच्या, पोटाकडे. जानीला आठवा सरत आला होता.

"हिला कशाला चालवता उन्हाची? बसू दे झोपडीत."

"चालली की पाय मोकळं होतात," कोंडी म्हणाली.

"पाय मोकळं करायला माझ्याकडे विटांचा गारा हाय की. तुडव म्हणावं," सुदर्शन म्हणाला. ट्रकमधून भाताचा तूस उतरवणारे दोघे हसले. जानीही हसली. ती हसली नसती तर त्याने आणखी काही विचारलं असतं.

मग त्याने जैतूपुढे हात केला. "मोबाईल ठेव आथं. आलास की घे."

जैतूने मोबाईल दिला. सुदर्शनने तो शर्टाच्या खिशात टाकला आणि पाटीवरच्या विटा मोजायला वळला.

चौघं निघाली: जैतू, त्याची बायको जानी, त्याची आई कोंडी आणि सात वर्षांची मुलगी जयश्री. झोपडीत गोधड्या दोरीवर तशाच होत्या. कोंबडी डालग्याखाली होती. जयश्रीला काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती कोंबडीसाठी रडली असती.

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला कातकऱ्यांची नऊ घरं आहेत. दिवाळी झाली की त्यांतली आठ बंद होतात. माणसं म्हणतात, जगायला जातो. जैतूचं घर सहा वर्षं असंच वाडा गावापलीकडच्या वीटभट्टीवर जगायला जात होतं. जयश्रीच्या पाठची दोन मुलं भट्टीवरच झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा चार दिवस जगला. मुलगी रडलीच नाही. दोन्ही वेळा जानी आदल्या संध्याकाळपर्यंत डोक्यावर विटा वाहत होती. या खेपेला तिने फाल्गुनातच नवऱ्याला सांगितलं होतं, "हा आथं नाय होऊ द्यायचा. घरी नेऊन घाल माना."

जैतूने मुकादमाला दोनदा विचारलं. दिवाळीला उचल घेतली आहे, पाऊस पडेपर्यंत कोणी हलायचं नाही, हे सुदर्शनने दोन्ही वेळा सांगितलं. पहिल्यांदा समजावून. दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर, जैतूच्या मानेला धरून.

बाजारात तांदूळ घ्यायचे, मिरची-मीठ घ्यायचं आणि मागच्या बाजूने शेतात उतरायचं, असं ठरलं होतं. पण दुकानापाशी पोचली तर मुकादमाच्या माणसाची फटफटी पानटपरीला उभी होती. माणूस चुना मळत होता. जैतूने वर पाहिलं नाही. जयश्रीचा हात धरून तो कापडवाल्याच्या ताडपत्रीमागून वळला, बाया त्याच्या मागे वळल्या, आणि पाच मिनिटांत सगळी बांधावर होती. पिशवीत टोप, काडेपेटी, प्लास्टिकच्या दोन बाटल्या आणि जयश्रीसाठी घेतलेला बिस्किटाचा एक पुडा. जैतूच्या कमरेला आकडीत कोयता.

पैसे होते. पण पैसे चालतील अशी दुकानं रस्त्यावर होती, आणि रस्त्यावर मुकादमाची पिकअप फिरणार होती.

घर पन्नास किलोमीटर. एकटा जैतू दीड दिवसात गेला असता.

पहिल्या दिवशी ती कापलेल्या भातशेतांतून चालली. जमीन भेगाळलेली होती आणि भाताची धसकटं पायाला लागत होती. जानीच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने तो करवंदीच्या काट्याने अडकवला, आणि पुन्हा तुटल्यावर चपला पिशवीत टाकल्या. दर थोड्या वेळाने ती थांबून कमरेवर दोन्ही हात ठेवायची. कोंडी तिच्या पोटाच्या कडेला तळवा लावून बघायची.

"हलतो हाय. चल."

रात्र त्यांनी एका आंब्याखाली काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी गारगाई नदीच्या खोऱ्यात शिरली, आणि तिथल्या उतारावरून त्यांना खालचा रस्ता दिसला. चहाच्या टपरीपुढे पांढरी पिकअप उभी होती. दारावरचा हिरवा पट्टा इतक्या लांबूनही ओळखू येत होता. सुदर्शन टपरीवाल्याशी बोलत होता आणि हाताने पोट काढून दाखवत होता. एक पोटुशी बाई दिसली का?

"माझीच खूण सांगतो," जानी म्हणाली.

"खाली बस," जैतू म्हणाला.

त्यानंतर ती रस्ता सोडून आणखी वर, झाडीत गेली. बिस्किटं संपली होती. चैत्र संपत आलेला. करवंदं हिरवी होती. जैतूला नदीच्या डबक्यात तीन खेकडे मिळाले, करंगळीएवढे. ते भाजून जयश्रीला आणि जानीला दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी जयश्री चालेना. तिने रडायचंही सोडलं होतं. ती बसायची आणि उचलली की उभी राहायची, एवढंच.

त्या दिवशी कोंडीला वेल दिसला. उन्हाळ्यात वेल वाळून सुतळीसारखा होतो, पानं राहत नाहीत. पण साठ वर्षं कांद खणलेल्या बाईला सुतळी पुरते. ती झाडाच्या बुंध्याशी बसली, वेल बोटांत धरून जमिनीपर्यंत गेली आणि म्हणाली, "जैत्या, खण आथं."

"कडूकांद हाय ना?"

"कडूकांदच. दुसरा काय मिळतो आता? खण."

जैतूने काठीला टोक केलं आणि खणू लागला. जमीन दगडासारखी. हातभर खोल गेल्यावर काळपट, मुळांनी भरलेला कांद लागला, नारळाएवढा. पलीकडे आणखी एक.

कडूकांद तसा खाल्ला तर माणूस मरतो. तो खायचा कसा, हे कोंडीला तिच्या आईने दाखवलं होतं. साल काढायची. नखाएवढ्या पातळ चकत्या करायच्या. राख घालून शिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं. मग चकत्या टोपलीत भरून एक सबंध रात्र वाहत्या पाण्यात ठेवायच्या. पाणी टोपलीतून आरपार गेलं पाहिजे, कारण कडू बाहेर नेतं ते पाणीच. सकाळी पुन्हा शिजवायचं. आणि सगळ्यांत शेवटी घरातल्या जाणत्या बाईने चाखायचं. ती दोन चकत्या खाते आणि बसून राहते. जीभ कडू झाली, घसा खवखवला, तर कांद पुन्हा पाण्यात. ती गोड म्हणाली की मग बाकीची खातात. चाखणारीच्या आधी घरात कोणी हात घालत नाही. दुष्काळाच्या वर्षातही घातला नव्हता.

कोंडीने सगळं केलं. पण टोपली नव्हती. तिने लुगड्याचा पदर फाडून त्यात चकत्या बांधल्या आणि गाठोडं नदीत दोन दगडांमध्ये ठेवलं. आणि नदी वाहत होती असं म्हणायचं ते नावाला. वाळलेलं पान सोडलं तर हातभर सरकायला त्याला एक बिडी ओढून व्हायची.

"एवढं पुरंल?" जैतूने विचारलं.

"रात सगळी ठेवू. पुरंल."

रात्र सगळी ठेवलं नाही. उजाडायच्या आधीच नदीच्या वरच्या अंगाला फटफटीचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला. कोणाची होती कोण जाणे. जैतू उठून बसला.

"काढ ते. इथून निघायला पायजे."

"अजून सूर्य नाय आला."

"काढ, आये."

तिने गाठोडं पिळून काढलं. झाडीत शिरून त्यांनी लहानसा जाळ केला आणि चकत्यांना पुन्हा एक उकळी दिली. धूर दिसेल म्हणून जैतूने लगेच जाळ विझवला आणि पुढची वाट मोकळी आहे का ते बघायला वर गेला.

कोंडीने दोन चकत्या तोंडात टाकल्या. सावकाश चावल्या, गिळल्या. जानी आणि जयश्री तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय?" जानीने विचारलं.

कोंडी आणखी थोडा वेळ बसली. मग आणखी एक चकती खाल्ली.

"गोड झालाय. खा."

जयश्रीने एक चकती तोंडात घातली आणि थुंकली. "कडू हाय."

"नखरं करू नको. आजी खाते ना?" जानी म्हणाली. जयश्रीने पुन्हा हात घातला नाही. जानीलाही कडवट लागत होतं. पण तीन दिवस तिच्या तोंडाला कडवटच चव होती, पाणीसुद्धा कडू लागत होतं. ती मुठीने खाऊ लागली. पोटातल्याच्या वाटणीचंही तिने खावं म्हणून कोंडी टोप तिच्याकडे सरकवत राहिली.

जैतू परत आला तेव्हा टोप अर्ध्याच्या वर रिकामा होता. त्याने उभ्या उभ्या एक चकती तोंडात टाकली आणि पुढच्या क्षणी ती जमिनीवर थुंकली. जीभ शर्टाच्या बाहीने पुसली.

"आये! हा कडू हाय!"

कोंडीने त्याच्याकडे पाहिलं. "कडू?"

"कडू जहर! तू चाखलास ना?"

"चाखला."

"मग?"

जैतूने टोप लाथेने उडवला. तो दगडावर आपटून खाली घरंगळला.

"मग, आये?"

"माना चव लागत नाय, जैत्या," कोंडी म्हणाली. "ते तोंडाला फडकी बांधत होते ना, त्या सालचा ताप. तवापासून. मीठ लागत नाय, मिरची लागत नाय. घसा खवखवला, पण घसा तर तीन दिस सुकाच हाय. वाटलं, त्येच्यानं."

"आणि भट्टीवर सैपाक करत होतीस ती?"

"हाताच्या अंदाजानं."

"सांगितलं का नाय?"

"सांगितलं असतं तर माना मागं ठेवून गेला असतास," कोंडी म्हणाली. "पाड्यावर. म्हातारी डोसी काय कामाची म्हणून. दिवाळीपासून पावसापर्यंत तठं कोण असतं? तुकाची आय गेली ती चार दिसांनी कळली. तू भाकरी करायला म्हणून माना नेत होतास."

हे खरं होतं. जैतू जानीकडे वळला. तिचं डोकं खाली वाकवून त्याने दोन बोटं तिच्या घशात घातली. थोडं बाहेर आलं. पुन्हा घातली. जानीने त्याचा हात चावला. मग नुसतं पाणी आलं.

"निघू," ती तोंड पुसत म्हणाली. "आजच्या दिसात पोचतो ना? निघू चल."

त्यांनी अर्धा डोंगर चढला. उन्हाची तिरीप पाठीवर आली होती. जानी थांबली, वाकली आणि ओकली. पुन्हा चालली. पुन्हा ओकली. ओठ, जीभ, घसा भाजल्यासारखं होतंय म्हणाली. तिला घाम फुटला होता, पण हात लावला तर कातडी गार होती. सागाच्या बुंध्याला धरून ती हळूहळू खाली बसली आणि जैतूने तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगड झालं होतं. थोड्या वेळाने सैल पडलं. मग पुन्हा दगड.

"कळा हायत," कोंडी मागून म्हणाली. ती दहा पावलं लांब उभी होती, जवळ येत नव्हती. "महिन्याच्या आधी."

"घरी ने माना," जानी म्हणाली. "आथं नको. घरी ने."

वर घर चार तासांवर होतं, चांगल्या पायांना. खाली रस्ता वीस मिनिटांवर. जैतूने दोन्हीकडे बघितलं, जणू बघितल्याने अंतर बदलणार होतं. मग त्याने जानीला पाठीवर घेतलं. तिने त्याच्या खांद्यावर कपाळ आपटलं. "वर. वर चल, जैतू." तो खाली उतरू लागला.

रस्त्याच्या कडेला त्याने तिला आपट्याच्या सावलीत निजवलं. खडीने भरलेला एक डंपर आला. जैतूने दोन्ही हात वर केले. डंपर न थांबता गेला आणि धूळ बराच वेळ खाली बसली नाही. मग एक जण मोटारसायकलवरून आला, मागे सिमेंटची गोणी बांधलेली. तो थांबला. त्याने जानीकडे पाहिलं आणि उतरला नाही.

"गाडी बोलवा, दादा. मोबाईल हाय ना?"

"रेंज नाय आथं. वर नाक्यावर मिळंल." त्याने जयश्रीकडे पाहिलं, मग कोयत्याकडे. "तू भट्टीवाला काय? नाक्यावर पिकअप उभी हाय. कालपासून इचारतोय तो तुला."

जैतूने हो म्हणून मान हलवली.

"त्यालाच सांग," तो म्हणाला. "जैतू आथं हाय बोल. बाई हाय म्हण, लवकर ये म्हण."

"बघ हां. पक्कं?"

"पक्कं. जा, दादा. जा."

मोटारसायकल गेली. जानीने डोळे उघडले होते. तिने ऐकलं होतं. ती जैतूकडे बघत राहिली आणि मग तोंड फिरवून डांबराकडे केलं.

पिकअप यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात जानी चार वेळा ओकली आणि पोट सहा वेळा घट्ट झालं. सुदर्शन दार उघडून उतरला तो हात उगारूनच. "भडव्या, तीन दिस डिझेल जाळतोय तुझ्यापायी..." मग त्याने जानीला पाहिलं. हात तसाच राहिला.

"काय झाला?"

"कडूकांद खाल्ला. कच्चा राहिला."

"आयला." सुदर्शन मागे सरला. तोही याच तालुक्यातला, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. "मेली तर माझ्या नावावर येतं, कळतं का तुला? मालक हात वर करतो, पोलीस माना धरतात."

"खोडाळ्याच्या दवाखान्यात घे, दादा. जवळ हाय."

"वर घाट हाय. खाली उतार. वाड्याला लवकर पोचू."

वाड्याला मोठा दवाखाना होता, आणि वाड्यापासून भट्टी जवळ होती. दोन्ही खरं होतं.

"तठून मग भट्टीवर," सुदर्शन म्हणाला. आवाज खाली आला होता. "बाईला काम नाय सांगणार. तू करायचं. पाऊस पडेपर्यंत. बोल लवकर."

"येतो."

"पोरीची आण घे."

"जयश्रीची आण. येतो. उचल तिला."

दोघांनी जानीला उचलून मागच्या हौद्यात घेतलं. हौद्यात विटांचा चुरा होता. जैतूने शर्ट काढून तिच्या डोक्याखाली घातला. जयश्री चढली. कोंडी रस्त्याच्या कडेला काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, एकदम सरळ.

"तू पण बस, डोसे," सुदर्शन म्हणाला. "तूही खाल्ला असशील."

"मी नाय खाल्ला," कोंडी म्हणाली.

"नक्की?"

"नाय. तिलाच दिला सगळा. मी घरी जाते. भट्टीवर काय माझं काम?" ती जैतूकडे बघत नव्हती. "घर झाडून ठेवते. दवाखान्यातून सोडली की घेऊन ये तिला."

"येतो," जैतू म्हणाला.

सुदर्शनने इंजिन चालू केलं. पिकअप वळायला रस्ता अरुंद होता. ती दोनदा मागे-पुढे झाली, आणि तेवढा सगळा वेळ कोंडी तिथेच उभी राहिली. मग गाडी उताराला लागली.

जानीचं डोकं जैतूच्या मांडीवर होतं आणि त्याचा डावा हात तिच्या पोटावर. जयश्री मागच्या फळीला धरून रस्त्याकडे बघत होती.

"आजी चालली," ती म्हणाली.

जैतूने ऐकलं.

"आजी बसली." मग थोड्या वेळाने, "बाबा, आजी ओकते."

"दमली आसंल."

"तिनं पण खाल्ला. आईच्या आधी खाल्ला. तीन खाल्ल्या."

जैतूला हे कोणी सांगायला नको होतं. चाखणारीने खाल्लं नाही असं होत नाही. ती नाही म्हणाली तेव्हाच त्याला ते माहीत होतं, आणि येतो म्हणाला तेव्हाही माहीत होतं.

त्याने उजवा हात केबिनच्या पत्र्यावर मारायला उचलला. एक थाप मारली असती तर सुदर्शन थांबला असता. कदाचित मागे वळलाही असता. वळायला, तिला उचलायला, पुन्हा वळायला दहा मिनिटं गेली असती. जानीचं पोट त्याच्या डाव्या हाताखाली पुन्हा दगड झालं. या खेपेला सैल पडायला वेळ लागला. आत काही हलतंय का ते कळावं म्हणून त्याने बोटं पसरली. गाडीच्या हादऱ्यात काहीच कळत नव्हतं.

"बाबा, ती आडवी झाली."

"पुढं बघ," जैतू म्हणाला.

जयश्री पुढे बघेना, म्हणून त्याने वर उचललेला हात खाली आणला आणि तिचं तोंड धरून आपल्याकडे फिरवलं.